चिरंजीवांची मोजपट्टी

सकाळी रुग्णालयातल्या सरावखोलीचं दार उघडायचं, दिवे लावायचे आणि सरावाच्या बाहुल्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, ही तिची पहिली कामं. मग संशोधन. मुलांच्या तातडीच्या विभागात बेशुद्ध मूल आलं तर त्याला वजनकाट्यावर कोण उभं करणार? म्हणून त्याच्या शेजारी रंगीत मोजपट्टी पसरतात. डोकं एका टोकाला, टाच ज्या रंगावर येईल तेवढं वजन धरायचं आणि त्या हिशेबाने औषध द्यायचं. घाईगर्दीत माणसं यात कुठे चुकतात, ते ती काचेमागे बसून शोधायची. बाहुल्यासाठी माईकमध्ये कण्हायचीही तीच. तिचा आवाज त्याच्या छातीतल्या स्पीकरमधून यायचा.

रबरी बाहुला दोन वर्षांच्या मुलाएवढा होता; त्याची टाच पट्टीच्या पिवळ्या रंगावर यायची. सरावात दिवसातून दोनदा मरायचा, म्हणून परिचारिकांनी त्याचं नाव ठेवलं होतं चिरंजीव.

घरी तिची वाट पाहणारं कुणी नव्हतं. बहीण कधीमधी फोन करायची, "आता तरी कुणी बघ गं," म्हणायची. ती ते हसण्यावारी न्यायची आणि फोन ठेवला की रेडिओ लावायची, घरात आवाज हवा म्हणून. खरं सांगायचं तर दिवसभरात ती मनातलं बोलायची ते चिरंजीवांशीच.

मग निकाल बिघडू लागले. ज्यांचा हात कधी चुकत नसे, त्या परिचारिकाही औषध जास्त देऊ लागल्या. "पिवळा असताना पुढचा पांढरा का धरताय?" ती वैतागून म्हणाली.

थोरल्या परिचारिकेने आवाज चढवला नाही. "मॅडम, पांढराच येतोय. तुम्ही स्वतः लावून बघा ना."

सगळ्या गेल्यावर तिने पट्टी लावली. टाच पांढऱ्यावर होती. पट्टी आकसली असेल म्हणून तिने नवी काढली, तरी पांढराच. सांधे ढिले झालेत का म्हणून पाय ओढून पाहिला. सांधे घट्ट होते... आणि पाय कोमट होता. दिव्याखाली राहून तापला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

हे वर कळवायला हवं होतं. पण कळवलं की चिरंजीव खोक्यात बंद होऊन परत जाणार आणि त्यांच्या जागी नवाकोरा बाहुला येणार.  तिने कळवलं नाही. मॅडमनी परीक्षा घ्यायला मुद्दाम मोठा बाहुला आणलाय, असा परिचारिकांचा समज झाला. तिने तो तसाच राहू दिला. सगळी मेहनत डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती, आणि ती रोज सकाळी आल्याआल्या आधी त्याच्या टाचा बघत होती. पांढरा गेला, मग निळा, केशरी, आणि शेवटचा हिरवाही आला. खोलीतला रबराचा वास गेला. झोपून उठलेल्या मुलाच्या मानेला येतो तसला वास येऊ लागला. तिला भीती वाटायची. तरीही सुट्टीचा दिवस तिला खायला उठायचा.

त्या दुपारी सराव सुरू झाला. थोरलीने पट्टी पसरली आणि ती थबकली. टाच पट्टीच्याही बाहेर गेली होती. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. थोरलीने सवयीने हाक दिली, "याची आई कुठंय? आईला वजन विचारा."

"काचेमागे बसलीय..."

आवाज चिरंजीवांच्या छातीतून आला. बारीक, जरासा घोगरा. सगळ्या काचेकडे वळून हसल्या.

"मॅडम, आज अगदी हुबेहूब काढलात हं आवाज," एक जण म्हणाली.

मॅडमचे दोन्ही हात मांडीवर होते. माईक बंद होता. कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं असं तिला बरं वाटलं, आणि त्या आवाजापेक्षा त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"सांगा ना, मॅडम..." थोरली सिरिंज हातात धरून थांबली होती. "वजन किती?"

तिने त्याचं वजन कधीच केलं नव्हतं. माहीत नाही, एवढंच सांगायला तिने माईकचं बटण दाबलं.

"अडतीस किलो," ती म्हणाली. "थोडं कमीच धरा... परवाच्या तापात उतरलाय तो."