शेवटच्याची ओ

दिवा जरा बारीक करा. विझवू नका, बारीक करा... हां. एवढा पुरे.

उद्या पहाटे तुम्ही सायकली घेऊन खाणीच्या डोंगरावर जाणार म्हणता, म्हणून सांगायचं. एरवी ही गोष्ट सांगावी की सांगू नये, याचा अजून मनाशी निकाल लागलेला नाही. जिच्यावर हे गुदरलं ती मुलगी याच आळीत राहते, आणि तिच्याच तोंडून हे ऐकलेलं आहे. ऐकणाऱ्याचे कान म्हातारे, तेव्हा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल. गोष्ट मात्र इकडची तिकडे झालेली नाही. निदान तसा समज आहे.

सन दोन हजार तेवीस, डिसेंबरची सव्वीस तारीख, मंगळवार. दत्तजयंती होती. चौलच्या दत्ताची यात्रा भरलेली, रेवदंड्याच्या रस्त्यावर रिक्षांना जागा नाही. त्या दुपारी प्रज्ञा रेवदंड्याला गेली ती सायकल आणायला. सायकल तिच्या भावाची, प्रफुल्लची. वर्षभर दुकानात पडून होती. दुकानदारानं चाक सरळ करून ठेवलं होतं, पण न्यायला कोणी येईना. शेवटी त्यानंच निरोप पाठवला, की बाय, जागा अडते, घेऊन जा.

कोणी येईना, कारण प्रफुल्ल उरला नव्हता. आदल्या वर्षीच्या दत्तजयंतीच्या रात्री तो खाणीत पडून गेला. आणि वडील, दत्ताराम, रोह्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले साधे गृहस्थ, ती सायकल दारात येऊ देत नव्हते. त्यांच्या मनात एक काटा होता. त्या दिवशी सकाळी ते मुलाला बोलले होते, की चार शब्द इंग्रजीचे येत न्हायत आणि सायकल कसली फिरवतोस. रात्री पोरगा गेला. बरोबरच्या मुलांनी पोलिसांना सांगितलं, की तो उदास होता, घरी तोंड दाखवणार नाही म्हणाला, एकटाच उलटा फिरला. मग दत्ताराम काय समजायचे ते समजले. तेव्हापासून त्यांनी मुलाचं नाव घेतलं नाही. जेवत होते, पौर्णिमेला विहारात जात होते, पण माणूस आतून बंद झाला होता.

दुकानात प्रज्ञाला मृणाल भेटली. त्या रात्री प्रफुल्लबरोबर असलेल्या टोळक्यातली. रात्रीच्या फेरीसाठी ब्रेक आवळून घ्यायला आली होती. तिनं ती सायकल पाहिली, हँडलवर हात ठेवला आणि तिथंच रडायला लागली. मग दुकानामागं नारळाच्या झावळ्यांवर बसून तिनं सगळं सांगितलं.

त्या टोळक्याचा म्होरक्या रितेश. हिवाळ्यात मुंबईची माणसं किहीमला कॉटेजमध्ये येऊन राहतात, त्यांना डोंगरातल्या वाटांनी सायकलवर फिरवायला माहितगार लागतात, आणि माहितगाराला इंग्रजी यावं लागतं. म्हणून रितेशनं नियम केला होता. सायकलवर बसलं की इंग्रजीच बोलायचं. मराठीत जो बोलेल त्याला कोणी ओ द्यायची नाही. त्यांचा दुसराही एक रिवाज होता. वळण आलं की पुढच्यानं ओरडायचं, ‘लास्ट?’ आणि सगळ्यात मागच्यानं उत्तर द्यायचं, ‘ओके.’ मगच पुढं सुटायचं.

त्या रात्री मागं प्रफुल्ल होता. खाणीच्या वळणावर रितेशनं हाक दिली, ‘लास्ट?’ आणि खाली खाणीतून आवाज आला, ‘पडलोय रे... पाय अडकलाय.’

रितेश हसला. म्हणाला, ‘नो मराठी.’

सगळे हसले. मृणालही हसली. खालून प्रफुल्ल पुन्हा ओरडला. पाय अडकलाय याला इंग्रजी काय, ते त्याला सुचत नसावं. मग तो नुसता ‘प्लीज, प्लीज’ म्हणत राहिला. रितेश म्हणाला, नाटकं करतो, नेहमीचाच रेंगाळ्या, येईल मागनं. आणि ते खाली उतरून गेले. खाणीत फोनला रेंज नाही. सकाळी लाकूडफाट्याला गेलेल्या बायकांना तो सापडला. डॉक्टरांचं म्हणणं पडलं, की पहाटेपर्यंत जीव होता.

पहाटेपर्यंत. म्हणजे तो पहाटेपर्यंत हाका मारत होता.

हे ऐकून प्रज्ञा रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, आज रात्री कुठून निघताय. मृणाल नको नको म्हणत होती. प्रज्ञा म्हणाली, मीपण येते, त्याचीच सायकल घेऊन येते. मनाशी तिनं ठरवलं होतं, की खाणीपाशी रितेशला अडवायचं आणि कबूल करायला लावायचं. मग तसाच बाबांसमोर उभा करायचा. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय बाबांचा काटा निघणार नव्हता. आणि नाहीच बोलला तर? त्या ‘तर’च्या पुढचा विचार केला नव्हता असं ती सांगते. पण निघताना दुकानातला मोठा लोखंडी पाना तिनं मागून घेतला होता, हेही तीच सांगते.

रात्री जेवणं आटोपल्यावर सगळे डोंगराच्या पायथ्याशी जमले. रितेश, मृणाल, आणखी दोन पोरं, आणि प्रज्ञा. चांदणं पिठासारखं पडलेलं. समोर दत्ताच्या डोंगरावर यात्रेचे दिवे, पलीकडे खाडी चकाकत होती. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ यावी. प्रज्ञाला पाहून रितेश चपापला, पण लगेच सावरला. तिची समजूत घालावी तसं त्यानं इंग्रजीतूनच विचारलं, तुला कशाला यायचंय?

‘आय वॉन्ट टू लिसन,’ प्रज्ञा म्हणाली.

चढ संपेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. हिवाळाच कसा बरा, चिखल नाही, माती घट्ट, चाक धरून राहतं, कोणी माथेरानला जाऊन आलेला तो तिथल्या वाटा सांगत होता. सगळं त्या मोडक्या इंग्रजीत. एक पोरगा म्हणाला, ‘इन विंटर माय नोज इज रनिंग, बट माय सायकल इज नॉट.’ त्यावर हशा झाला. प्रज्ञा सगळ्यात मागं. तिनं मुद्दामच मागची जागा मागून घेतली होती. तिथून रितेशची पाठ दिसत होती. तिनं ती पाठ नजरेत धरून ठेवली होती.

माथ्यावरून उतार लागला.

पहिलं वळण आलं. रितेशनं हाक दिली, ‘लास्ट?’

प्रज्ञानं तोंड उघडलं.

तिच्या मागून उत्तर आलं, ‘ओके.’

तिला वाटलं, आपणच बोललो. थंडीनं आवाज जाडा झाला असेल. माणसाचं मन असं असतं, आधी स्वतःवरच शंका घेतं. पुढच्यांनाही काही वाटलं नाही. सायकली सुटल्या.

दुसरं वळण. ‘लास्ट?’

या वेळी तिनं ओठ मिटून धरले होते.

‘ओके.’

आवाज पुरुषाचा होता. शांत. अगदी जवळचा. प्रज्ञाला तो ओळखायला वेळ लागला नाही. ज्या आवाजानं तिला लहानपणी झोपेतून उठवलं, पोहायला शिकवलं, तो आवाज.

पुढं मृणालनं सायकल थांबवली. ती मागं वळून पाहत होती. चांदण्यात तिचा चेहरा पांढरा दिसत होता. तिनं हळूच बोटं धरून सायकलींचे दिवे मोजले. मग पुन्हा मोजले.

प्रज्ञानं मागं पाहिलं नाही. मानेला गार लागत होतं. तिच्या पुढं, वाटेवर, तिचीच सावली पडली होती. मागून उजेड आल्याशिवाय पुढं सावली पडत नाही... आणि चंद्र तर डोक्यावर होता.

रितेश पुढून ओरडला, ‘हू इज लास्ट?’



‘मागं कोण आहे?’ तो मराठीत आला. ‘प्रज्ञा, तुझ्या मागं कोण आहे गं?’

मागून हसणं ऐकू आलं. रितेश हसायचा तसंच, पण रितेशचं नव्हे. आणि मग,

‘नो मराठी.’

दोन्ही पोरांनी सायकली टाकल्या आणि उतारानं पळत सुटली. मृणाल कानांवर हात ठेवून खाली बसली. रितेशनं सायकल पिटाळली. खाणीचं वळण आलं. त्यानं ब्रेक दाबल्याचा आवाज आला... दगड घरंगळल्याचा आवाज आला... मग खाणीत साठलेल्या पाण्यात काहीतरी पडलं.

मग काही नाही.

प्रज्ञा काठाशी गेली. सायकल पाण्यात गेली होती. रितेश मधल्या टप्प्यावर दगडांत अडकला होता. हात पुढं केला असता तर पोचला असता.

‘प्रज्ञा, हात दे. पाय अडकलाय माझा.’

तिचा एक हात मोकळा होता. दुसऱ्यात पाना होता. दोन्ही तिनं जागेवर ठेवले.

‘प्रज्ञा...’

तिच्या खांद्यापाशी आवाज आला. ‘इंग्लिश, प्लीज.’

रितेशचा चेहरा वाकडा झाला. तो तिच्याकडं पाहत नव्हता. तिच्या शेजारी पाहत होता.

‘ऐकलं होतं मी,’ तो म्हणाला. ‘त्याच्या सगळ्या हाका ऐकल्या होत्या. तो घरी जायचं म्हणत होता. उदास बिदास काही नव्हता. खोटं बोललो मी.’

‘हे माझ्या बाबांसमोर सांगशील?’

‘सांगतो. आईशप्पत सांगतो. हात दे.’

हेच तर तिला हवं होतं. वर्षभर जे घरात कोंडलं होतं ते आता सुटणार होतं. तिनं पाना टाकला आणि हात पुढं केला. पण खांद्यापाशी आता कोणी नव्हतं. गारठा खाली गेला होता. रितेशनं मान एका बाजूला झुकवली, कोणी कानाशी बोलत असावं तशी. काय बोललं ते तिला ऐकू आलं नाही. फार वेळ चाललं होतं, एवढंच कळलं. रितेशचे ओठ हलत होते. जणू तोंडातून एक एक वस्तू काढून देत होता.

‘दादा, पुरे,’ प्रज्ञा म्हणाली. ‘दादा, सोड त्याला.’

ओ आली नाही. ती मराठीत बोलली होती.

थोड्या वेळानं रितेशनं वर पाहिलं. ‘हेल्प मी,’ तो म्हणाला. ‘प्लीज, हेल्प मी.’

तिनं आणि मृणालनं मिळून त्याला वर ओढला. पाय मोडला नव्हता. प्रज्ञानं त्याला क्षणभर टेकू दिलं नाही. दोघींनी मिळून त्याला डोंगर उतरवला आणि थेट घरी आणला. दत्ताराम जागेच होते. ओटीवर बसले होते. रितेश त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि बोलू लागला. धो धो बोलत होता, डोळ्यांतून पाणी, थांबत नव्हता. कुठं अडखळणं नाही, चूक नाही. शब्दही जागचा हलला नाही.

सगळं इंग्रजीत.

दत्ताराम सातवी शिकलेले. त्यांनी मुलीकडं पाहिलं. ‘काय म्हनतो ह्यो?’

प्रज्ञानं रितेशचा दंड धरून हलवला. मराठीत सांग म्हणाली. त्यानं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा फुगल्या, पण आतून आलं ते पुन्हा तेच. मग तिनंच वाक्यामागून वाक्य सांगितलं, की दादानं हाका मारल्या, यांनी ऐकल्या, हसले आणि सोडून गेले.



‘ह्ये तुझं बोलनं झालं बाय,’ दत्ताराम म्हणाले. ‘तुझा राग हाय त्याच्यावर. त्याच्या तोंडून आलं असतं तर मानलं असतं मी.’

उठून आत गेले. कडी लावल्याचा आवाज आला.

म्हणजे पाहा. सूड पुरता झाला, आणि जिला त्यातून काही हवं होतं तिच्या हाती काही लागलं नाही. मेलेल्या माणसाच्या रागाला जिवंतांची गरज कळत नसेल का? का कळून... जाऊ दे. हे म्हाताऱ्याचे विचार.

रितेश आता किहीमला नोकरीला आहे. पाहुणे त्याच्या इंग्रजीवर खूश असतात. डॉक्टर म्हणतात, मनाला धक्का बसलाय, येईल हळूहळू. मराठी त्याला समजते, बोलता येत नाही. त्याची आई शकू गेल्या पावसाळ्यात आजारी पडली, पडल्या पडल्या त्याला हाका मारी. तो उशाशी बसून उत्तरं देई. तिला त्यातलं एक अक्षर कळत नसे. शेवटी ती शेजारणीला म्हणाली, ह्या परक्या माणसाला बाहेर बसवा गं, आणि माझ्या रितेशला बोलवा. त्यानं ते ऐकलं. त्याच आठवड्यात ती गेली.

एक सांगायचं राहिलं.

त्या रात्रीनंतरची सकाळ. प्रज्ञानं दार उघडलं. अंगण नुकतंच केलेलं होतं, पाऊस सरल्यावर करतात तसं, माती घालून, चोपून, शेणानं सारवून. दगडासारखं वाळलेलं. त्यावर बैल गेला तरी खूण उठायची नाही. त्या अंगणात फाटकापासून पायरीपर्यंत सायकलच्या चाकाची रेघ उठली होती. ओल्या मातीत उठावी तशी खोल. सायकल तर डोंगरावरच पडलेली होती. रेघ पायरीशी येऊन थांबली होती. परत गेलेली रेघ नव्हती.

दत्ताराम बाहेर आले. पाहत उभे राहिले. मग खाली बसले आणि त्या रेघेत त्यांनी तळहात ठेवला.

‘घरीच येत व्हता,’ ते म्हणाले. ‘प्रफुल्ल घरीच येत व्हता.’

त्यानंतर दोन पावसाळे गेले. दोन्ही वेळा त्यांनी अंगण खणून काढलं, नवी माती घातली, चोपलं, सारवलं. अंगण वाळलं, की रेघ वर येते. उद्या जाताना फाटकाबाहेरून पाहा. ओलांडू नका. ऊन कितीही चढू दे, बाकीचं अंगण खडखडीत असतं, आणि तेवढी एक रेघ ओली असते.