सहकुटुंब, सहपरिवार

लग्नाची पहिली पत्रिका देवाला द्यायची, ही रीत. पण दगडाबाई पडली देवांच्या गर्दीतली बाई! माजलगावच्या धरणाकाठी एका साखर कारखान्यानं आपल्या जुन्या गोदामात मूर्तींचं संग्रहालय मांडलं होतं, तिथली झाडलोट तिच्याकडं. विष्णू, महावीर, बुद्ध, सटवाई, सगळे एका रांगेत. आणि सगळे बोरवंडचे. धरणात ते गाव बुडालं तेव्हा जिवंत माणसं उठून गेली. देव आणि माती दिलेली माणसं तेवढी मागं राहिली. पुढं दुष्काळात धरण तळाला गेलं, तसे देव गाळातून वर आले.

आता एवढ्यांत पत्रिका द्यायची कुणाला आणि टाळायचं कुणाला? दगडाबाईनं सगळ्यांपुढं अक्षता ठेवल्या आणि मोकळ्या गळ्यानं सांगून टाकलं, "माज्या शिवकन्येच्या लग्नाला समद्यांनी यायचं, सहकुटुंब सहपरिवार! कुणी मागं ऱ्हायचं न्हाई."

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं गल्लीभरच्या घागरी आणि हंडे संग्रहालयात सावलीला मांडले, दाराला कुलूप घातलं. टँकर चारला येणार होता. चारला आला तो टँकरवाल्या कचरूचा फोन. "मावशी, केजला गाडीचा पाटा तुटलाय. उद्या दुपारपस्तोर काय जमत न्हाई."

उद्या दुपारी तर लग्न! दोनशे माणसांचा स्वयंपाक, नवरीची आंघोळ, आणि घरात प्यायला एक कळशी. शेजारची जाईबाई समजूत घालायला आली, तर तिच्याच गळ्यात पडून दगडाबाई रडली. मग डोळे पुसून संग्रहालयाच्या बंद दारावर कडाडली, "आवतन घेताना बरे गप बसले! पावणे म्हून नुसतं मिरवायचं व्हय? हातभार कोन लावनार?"

आत काहीतरी सांडलं.

"मांजर आसल..." जाईबाई म्हणाली.

मग बांगड्या वाजल्या. एका हातातल्या नव्हेत, पुष्कळ हातांतल्या. ओल्या पावलांची चपचप, दबकं हसणं, आणि दाराच्या फटीतून गाळाचा वास. भर उन्हात दोघी गार पडल्या.

"आत कोन हाय गं...?"

"किल्ली माज्या कमरंला हाय, बाई..."

आवाज थांबला. दगडाबाईनं लेकीचं नाव घेत दार उघडलं. मूर्ती जागच्या जागी. आणि घागरी, हंडे? काठोकाठ! पाणी लई निवळ. तिनं भीतीबिती गुंडाळून ठेवली, ओंजळभर पाणी जाईबाईच्या तोंडावर उडवलं. "बगतीस काय, उचल!"

लग्न असं झालं, की विचारू नका! पंगतीवर पंगती उठल्या, पाणी पुरून उरलं. दगडाबाई स्वतः नाचली आणि विहीणबाईंनाही ओढून नाचवलं. इतकी खुशीत ती जन्मात नव्हती.

संध्याकाळी आहेराची भांडी लावताना एक पितळी घागर निघाली. कुणी ठेवली, कुणालाच ठाऊक नाही. बाहेरून ओली, हाताला गार. गळ्यापाशी नाव घातलेलं. शिवकन्येनं बोट फिरवत आईला वाचून दाखवलं, "चि. सौ. कां. शिवकन्या हिस लग्नात आहेर. समस्त मंडळी, बोरवंड."

तारीख आजचीच. अक्षरं मात्र चाळीस वर्षं राखेनं घासून झिजावीत तशी पुसट.

"आई, खाली आजून एक ओळ हाय."

"मग वाच की."

शिवकन्या लाजली. मग तिचा हात घागरीवरून हळूच मागं आला.

"बारशालाबी येऊ..."