बुंदीच्या पोटातले विरजण

“आधी मुक्या जिवाच्या मुखी घास, मग आपल्या. आणि घास टाकायचा नाही, द्यायचा. खाली वाकून.”

माईचे हे शब्द सावनीला पाठ झाले होते. माई म्हणजे तिची आजी. चातुर्मासात माईचा नेम असे. कणकेत गूळ घालून अकरा गोळे वळायचे, ते गाईला द्यायचे आणि मगच स्वतः काही खायचे. यंदा माईचे गुडघे धरले होते, म्हणून हात माईचे आणि पाय सावनीचे अशी वाटणी झाली होती.

त्या रविवारी बाबा दोघींना गावाबाहेरच्या करंजटेकडीच्या प्राणी-उद्यानात घेऊन आले. उद्यान लहानसेच. रानात जखमी झालेले, आईपासून चुकलेले प्राणी तिथे बरे होईपर्यंत राहत. उन्हावर चालणाऱ्या बसमधून उतरताना बाबांना माईच्या पिशवीतला डबा दिसला. आज गाईला रविवारची सुट्टी दिली वाटतं, असे त्यांनी चिडवले. इथे काय मुके जीव थोडे आहेत, असे म्हणून माई दारापाशीच्या बाकावर टेकली आणि डबा तिने सावनीच्या हाती दिला.

पहिल्याच कुंपणात बुंदी होती. बुंदी ही चौशिंगा या लहानशा हरणासारख्या प्राण्याची मादी, शेळीएवढी, मोठ्या ओल्या डोळ्यांची. तिचा मागचा पाय मोडला होता, तो आता जुळत आला होता. ‘प्राण्यांना खाऊ देऊ नये’ ही पाटी सावनीने वाचली. पण खाऊ म्हणजे वेफर्स, बिस्किटे. माईचा घास देवाच्या नावाने दिलेला. त्याने कुणाचे वाईट कसे होईल? ती वाकली. बुंदीने अकराही गोळे खाल्ले आणि वर तिचा तळवा चाटला.

मग माई जेवली. दुपारभर तिघे उद्यानात रमले. इथला राखणदार यंत्रमानव होता. सगळे त्याला राखण्या म्हणत. माईने त्याला, तू जेवलास का रे, असे विचारले तेव्हा बाबा हसले. पण राखण्या गंभीरपणे म्हणाला की तो ऊन खातो आणि सकाळीच पोटभर झाले आहे.

तीन वाजता तोच राखण्या बुंदीच्या कुंपणापाशी उभा दिसला. बुंदी मान खाली घालून बसली होती. तिची डावी कूस फुगली होती. उद्यानाच्या डॉक्टर लतिका भोईर तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या.

“एक कोडं आहे, सावनीताई,” राखण्या हळू आवाजात म्हणाला. “बुंदी रोज या वेळी रवंथ करते. (रवंथ म्हणजे गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळणं.) आज तिचं तोंड हलत नाही. तिच्या पोटात आम्ही एक छोटी गोळी ठेवली आहे. ती आतली खबर पाठवते. ती म्हणते, पोटात आम्ल वाढतंय. (आम्ल म्हणजे आंबट रस.) पण सकाळी तर तिने नेहमीचाच पाला खाल्ला.”

डॉक्टर बाबांना सांगत होत्या की पायाच्या जखमेत पुन्हा जंतू शिरले असावेत आणि जंतू मारण्याचे कडक औषध पोटात द्यावे लागेल.

सावनीच्या हातात रिकामा डबा होता. तिने बाकाकडे पाहिले. माई डोळे मिटून जपमाळ ओढत होती. आता बोलले तर माईचा नेम चुकीचा ठरणार. नाही बोलले तर? बुंदीने एकदा कण्हल्यासारखा आवाज केला.

“तिने फक्त पाला नाही खाल्ला,” सावनी म्हणाली. “मी गोळे दिले. कणकेचे, गुळाचे. अकरा.”

डॉक्टरांनी हातातली औषधाची बाटली खाली ठेवली. “किती वाजता?”

“दहाला.”

“त्या वेळी मी ऊन खात होतो,” राखण्या म्हणाला. “चूक माझीही आहे.”

तोवर माई कुंपणाचा आधार घेत घेत आली होती. “पोरीला बोलू नका, डॉक्टरबाई. हात तिचा, पण नेम माझा.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. बरं झालं सांगितलंस, एवढेच त्या सावनीला म्हणाल्या. ते कडक औषध दिले असते तर फार मोठे नुकसान झाले असते. त्या कामाला लागल्या आणि राखण्याने आपल्या छातीवरच्या पडद्यावर बुंदीच्या पोटाचे चित्र काढले.

त्यात चार कप्पे होते. सर्वांत मोठ्या पहिल्या कप्प्यात हजारो ठिपके वळवळत होते. ते सूक्ष्मजीव (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव). राखण्याने समजावले की गवत आणि पाला बुंदीला स्वतःला पचवताच येत नाही. ती चावते, भिजवते. पचवतात हे ठिपके. ती त्यांना घर देते, ते तिला अन्न देतात.

“म्हणजे ती एकटी जेवतच नाही,” सावनी म्हणाली.

“कधीच नाही. पण या ठिपक्यांत दोन तऱ्हा आहेत. हे हिरवे पाला हळूहळू पचवतात. हे लाल, गोड आणि पिठूळ खाणारे, एरवी थोडेच असतात. आज अचानक गूळ आणि कणीक आली. लाल भराभर वाढले, त्यांनी आम्ल केलं आणि आंबटात हिरवे मरू लागले. ते थांबले, म्हणून पोट थांबलं, म्हणून तोंड थांबलं. ते कडक औषध दिलं असतं, तर उरलेले हिरवेही मेले असते.”

माई पडद्याकडे निरखून पाहत होती. “उन्हाळ्यात दही बाहेर राहिलं की आंबून जातं,” ती म्हणाली. “मग त्याचं विरजण लावून उपयोग नसतो. शेजारणीकडून चांगलं आणावं लागतं.”

डॉक्टरांनी वळून पाहिले. “माई, तेच करतोय.”

त्यांनी आधी नळीने बुंदीच्या पोटात खाण्याचा सोडा कालवलेले पाणी सोडले, आंबटपणा मारायला. मग उद्यानातल्या धडधाकट शेळीच्या पोटातला थोडा रस काढून, गाळून, कोमट असतानाच बुंदीला दिला. त्यात जिवंत हिरवे ठिपके होते. शेळीला हे आवडले नाही. तिने राखण्याला ढुशी दिली.

परतीची बस दोनदा सोडली. साडेपाचला राखण्याच्या पडद्यावरची आम्लाची रेघ खाली येऊ लागली. सहाला बुंदीच्या गळ्यातून काहीतरी वर सरकले आणि तिचा जबडा आडवा हलला. एकदा, मग पुन्हा.

डॉक्टर घाम पुसत म्हणाल्या की पुढे प्रत्येक रानातल्या प्राण्यांचे असे विरजण थंड पेटीत जपून ठेवता येईल. कुठेही पिलू आजारी पडले, तर त्याच्याच रानातले जीव त्याच्या पोटात परत पाठवता येतील. हे काम मोठे आहे, सावनीएवढी मुले मोठी होऊन ते करतील.

माई कुंपणापाशी वाकली. गुडघा दुखला तरी वाकली. “आजवर मी माझ्या मनाने घास दिला गं,” ती बुंदीला म्हणाली. “उद्यापासून तुझ्या पोटाला विचारून देईन. तुझ्या आणि तुझ्या त्या बारक्यांच्या.” मग तिने राखण्याला विचारले, काय आणू?

बोरीचा कोवळा पाला, हरळीचे गवत, राखण्याने सांगितले. कुंपणातून द्यायचे नाही, दारात त्याच्या हाती द्यायचे. आठ दिवस.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सावनीला जाग आली. ओट्यावर कणकेची परात पालथीच होती. देवापुढे निरांजन लागले होते. दाराशी माई गुडघ्याला पट्टा बांधत होती. कुणाची झोप मोडू नये म्हणून विळा तिने ओल्या फडक्यात गुंडाळला होता.

सावनीने कापडी पिशवी उचलली, पायांत चपला सरकवल्या आणि दोघी घरामागच्या बोरीकडे निघाल्या.