संदीपची मूठ

पलसाण्याच्या त्या डाइंग मिलमध्ये कॉम्प्युटरला नंबर नसतो, नाव असतं. जो माणूस समोर बसतो त्याचंच. माणूस नोकरी सोडून गेला तरी नाव तसंच, कारण बदलायचा कंटाळा! त्यामुळे कुठल्या कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरस जुना झालाय ते तपासताना कॉम्प्युटर सांभाळायला हंगामी लागलेल्या नूतनच्या नाकी नऊ यायचे. पडद्यावर लाल झालेल्या 'बळीराम'ला शोधत जावं, तर तिथे शीतल बसलेली.

गेल्या महिन्यात असल्याच एका जुनाट अँटीव्हायरसमुळे व्हायरस शिरला आणि अख्खी मिल ठप्प झाली. मोठं गिऱ्हाईक बिथरलं. सोमवारी त्याचा माणूस तपासणीला येणार होता. ऑफिस सांभाळणाऱ्या चंचलबेननी सकाळीच बजावलं, "सांजपर्यंत सगळे हिरवे पाहिजे हां. एक पण लाल दिसला, तर परमनंटचं भूली जा."

भूली जा म्हणे! गोपालचा, तिच्या नवऱ्याचा, लूम बंद पडल्यापासून घर नूतनच्याच पगारावर चाललं होतं. हे परमनंट हुकलं असतं तर चूल कशावर पेटवायची?

त्यात उद्या कानबाईचा सण. डिंडोलीच्या घरी सासूबाई, सुभद्राबाई, आज संध्याकाळी नैवेद्याच्या रोटासाठी गहू मोजणार होत्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. धाकटा दीर संदीप ह्याच मिलच्या रंगखात्यात होता. एक दिवस कामावर आला तो परतलाच नाही. पोलीस झाले, नवस झाले. सुभद्राबाईंनी त्याची मूठ मात्र कधी चुकवली नाही. "जवलोंग मूठ शे, तवलोंग तो घरना शे," म्हणायच्या. नूतनलाही त्याची आठवण यायची. ती चिडली की "दमानं, वहिनी," म्हणत निळ्या बोटांनी चहाचा कप पुढे करायचा.

दुपार कलली तेव्हा पडद्यावर सगळी नावं हिरवी झाली होती. एकच लाल राहिलं. संदीप.

सुरतेत संदीप काय, दगड मारावा तिथे सापडतो. पण त्या कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरस शेवटचा अपडेट झाला होता तो तिचा दीर नाहीसा झाला त्या आठवड्यात. नूतन त्याची वायर धरून शोधत निघाली. वायर जिन्याखालून, बॉयलरच्या भिंतीमागून जुन्या रंगखात्यात गेली होती. ते खातं केव्हाच पाडलेलं. आता तिथे कापडाचे ताके रचलेले, आणि ताक्यांमागे वायरचं तुटकं टोक लोंबत होतं.

"ही तर मी स्वतः कापलेली, बेन," वायरमन रघुनाथ म्हणाला. "पलीकडे काय नाही. भिंत आहे."

"मग दिसतंय कसं?"

तो आपल्या कामाला निघून गेला. नूतननं टोक हातात घेतलं. बोटाला ओला निळा रंग लागला. पदराला पुसला, तर पदरही निळा. जळो मेलं! वरून कुठूनतरी ठिबकलं असेल, दुसरं काय.

जागेवर येऊन तिनं अपडेट पाठवलं. उत्तर आलं: समोर बसलेल्यानं नकार दिला.

पुन्हा पाठवलं. पुन्हा नकार.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. निरोपाच्या चौकटीत तिनं दणादणा टाइप केलं: कोण बसलंय तिथे?

 मग अक्षरं हळूहळू उमटली.

दमानं, वहिनी.

नूतननं कीबोर्डवरचे हात मागे घेतले. मिलमध्ये हे कोणाला ठाऊक? कोणीतरी थट्टा करतंय. करू देत. घर काय थट्टेवर चालतं?

"शुं थयुं?" चंचलबेन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "अजून एक लाल?"

"बंद कॉम्प्युटर आहे, बेन. काढून टाकते."

कायमचं काढायचं? पडद्यानं विचारलं.

चौकटीत पुन्हा अक्षरं उमटू लागली होती. 'वहि' एवढंच आलं.

तिनं 'हो' दाबलं.

सगळं हिरवं झालं. "जोयुं? सोमवारी परमनंटचा कागद तयार," चंचलबेन हसल्या.

घरी पोचली तेव्हा सुभद्राबाई सूप घेऊन बसल्या होत्या. सासऱ्यांची मूठ झाली. गोपालची झाली. त्यांनी हात झटकले.

"आई, भाऊजींची राहिली."

"कोना भाऊजी वं?"

"संदीप भाऊजी."

 "येडी झायी का? माले तं गोपाल एकलाच शे."

नूतननं गोपालकडे पाहिलं. त्यानं मोबाइलमधून मान वर केली. "कोण संदीप? मिलमधला कोणी?"

तिनं पदर पुढे ओढून पाहिला. निळा डाग कुठेच नव्हता.

सुभद्राबाईंचा हात मात्र पुन्हा गव्हात गेला होता. त्यांनी मूठ भरली, सुपावर धरली आणि त्या मुठीकडे परक्या वस्तूकडे बघावं तसं बघितलं.

"हातले कसानी सवय लागेल शे, देव जाने," असं पुटपुटत त्यांनी मूठ उघडली आणि गहू परत डब्यात ओतले.