ठमाबाईच्या वकिलाची फी

पेणच्या कोर्टासमोर नाथाचं टायपिंगचं दुकान होतं. त्या सकाळी घाईत त्यानं शाझियाच्या हातात भलतेच कागद दिले. वरच्याच ओळीत आपलं नाव दिसलं म्हणून ती वाचत राहिली — ‘अर्जदाराच्या वकील शाझिया मुकादम यांच्या फीवर कंपनीच्या हरकती.’

“ते माझे आहेत,” मागून आवाज आला. “तुमचे माझ्याकडे आलेत.”

जुहेब. कंपनीचा वकील. दोन वर्षं ती त्याला समोरच्या बाजूला उभा पाहत आली होती. इतक्या जवळून मात्र… आजच.

धाटावच्या एका कारखान्यात ठमाबाई पोती भरायची. शेजारी तेवढीच पोती भरणाऱ्या गड्यांना मजुरी जास्त मिळायची. तिनं का म्हणून विचारलं, तर तिला घरी बसवलं. शाझिया तिच्यासाठी भांडली नि जिंकली. मजुरीतला फरक द्या, बाईला कामावर घ्या आणि तिच्या वकिलाची फीही कंपनीनंच भरा, असा हुकूम झाला. फीचा आकडा तेवढा दोन्ही वकिलांनी बसून ठरवायचा होता. शाझिया नको नको म्हणत असताना ठमाबाईनं कानातल्या कुड्या मोडून तिच्या हातात पैसे कोंबले होते. आकडा उतरला तर तो तोटा त्या बाईचाच.

“बसू या?” जुहेबनं विचारलं. नाथानं बाकावरचे कार्बनपेपर बाजूला केले.

“धरमतर, साक्षीदाराची भेट, पाच तास,” त्यानं तिच्या फीच्या हिशोबातून वाचलं. “पाच तास काय बोललात?”

“दहा मिनिटं बोललो. बाकी वेळ तो मिठागरात मीठ ओढत होता. मी बांधावर बसून होते.”

“उन्हात?”

“उन्हाचे पैसे लावलेले नाहीत.”

तो हसला. पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची… हळूहळू हसू मावळलं.

“एक दिवस राहिलाय. बावीस जानेवारी. तुम्ही रोह्याहून आलात आणि मी पुढची तारीख मागून घेतली. दिवस फुकट गेला. तोही लावा.”

“तुम्हाला तारीख आठवते?”

“कोर्टाच्या पायरीवर तुम्ही दोघी भाकरी खात होता. ठमाबाई माझ्याकडे रागानं बघत होत्या. तुम्ही… बघितलंच नाही.”

शाझियानं कागदांची टोकं उगाच जुळवली. तिनं बघितलं होतं. तो वळल्यावर.

“कंपनीचे साहेब म्हणाले, फी निम्मी कापा,” तो म्हणाला. “पण यातली एकही ओळ खोटी नाही. मी त्यांना तसंच सांगतो. कोर्टात गेलो तरी हाच आकडा होईल, वर आणखी एका दिवसाची भर.”

“तुमचं काम जाईल.”

“जाईल बहुतेक.”

“आणि लोक म्हणतील, वकीलबाईनं भुरळ घातली.”

तो खाली बघत म्हणाला, “लोकांचं सगळंच खोटं नसतं.”

तिचे कान तापले. तरी आवाज सावरून ती म्हणाली, “बावीस जानेवारी नको. आहे तेवढंच राहू दे. आणि आधी साहेबांशी बोला, मग सही करा.”

तीन दिवसांनी सही झाली. महिन्याभरात चेक आला आणि जुहेबकडून कंपनीची सगळी कामं गेली.

हे तिला ठमाबाईकडून कळलं. “तुज्यापायी पोरगा उपाशी मरंल गो,” पेणच्या स्टँडवर ती म्हणाली, आणि समोरून जुहेब येताना दिसला तशी पानाच्या टपरीकडे निघून गेली.

“आता आपल्यात खटला नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“मग… शुक्रवारी अम्मीला रोह्याला पाठवू? तुमच्या घरी?”

“आधी मला विचारायचं असतं.”

“विचारतोय.”

रोह्याची एसटी फलाटाला लागली. लोक धावले. शाझिया जागची हलली नाही.

“शुक्रवारी नको,” ती हळूच म्हणाली. “अब्बा घरी नसतात. रविवारी पाठवा.”