यादीतली नववी लकब

कोर्टाच्या आवारात नोटरीच्या पत्र्याखाली मी छत्री मिटत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, सगळं पाणी माझ्या चपलेत चाललंय." आवाज एका मोठ्या हिंदी नटाचा होता. त्याचं नाव लिहीत नाही. नोटीस काय असते ते मी रोज बघते. वळून पाहिलं तर चेहराही तोच, फक्त दाढी वाढलेली आणि हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. मी हसले. तो हसला नाही.

हा चंदर. आमच्याच वकिली ऑफिसात चालला होता. सिन्नरला कारखान्यात नोकरी, आणि हौस म्हणून गावोगावच्या ऑर्केस्ट्रात त्या नटाची नक्कल. तीच नक्कल त्यानं मित्रांच्या छोट्या मराठी सिनेमात केली आणि नटाच्या वकिलांची नोटीस आली. चेहरा, आवाज, लकबी, सगळं आमच्या अशिलाच्या मालकीचं.

मी इरा, उपेंद्र सरांची ज्युनियर. मी तावातावानं म्हणाले, ही थट्टा आहे, थट्टेला कायदा जागा देतो, लढू या. सर म्हणाले, जिंकूही कदाचित, पण मुंबईच्या हायकोर्टात, पाच-सात वर्षांनी. तोवर सिनेमा डब्यात. शेवटी तडजोड झाली. सिनेमा लागेल, पण चंदरनं लिहून द्यायचं की यापुढे सार्वजनिक ठिकाणी ती नक्कल जन्मात करणार नाही. सोबत मनाई असलेल्या लकबींची यादी जोडायची होती. ती माझ्याकडे आली.

त्या आठवड्यात नाशिकवर नुसतं मळभ होतं. पहिली पाळी संपवून तो यायचा, समोर बसून नक्कल करून दाखवायचा, आणि त्याच्याकडे बघून मी एकेक लकब लिहायची. मान तिरकी करून हसणं. वाक्य अर्ध्यावर सोडणं…

"एवढं रोखून नका बघू," तो एकदा म्हणाला. "माझं मलाच काय आठवंना."

"काम आहे माझं."

"काम… बरं."

माझे कान तापले. खरं सांगायचं तर ते काम दोन दिवसांचं होतं. मी सहा दिवस लावले.

नवव्या क्रमांकावर मी लिहिलं : विचार करताना कानाची पाळी दोन बोटांत धरणं. त्यानं ते वाचलं, थोडा थांबला आणि सही केली.

सिनेमा लागला आणि चार दिवसांत उतरलाही. सहीची प्रत द्यायला मी सिन्नरला त्याच्या घरी गेले. पोस्टानं पाठवता आली असती, ते सोडा. त्याच्या आईनं, लंकाबाईंनी, चहा ठेवला. साखर किती टाकावी हे स्वतःशी ठरवताना त्यांनी कानाची पाळी दोन बोटांत धरली.

 ती लकब नटाची नव्हतीच, या घरची होती. चंदर समोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.

स्टँडपर्यंत सोडायला तो आला. भुरभुर पाऊस होता, छत्री एकच.

"सांगितलं का नाहीस?" मी पहिल्यांदाच त्याच्याशी एकेरीत बोलले.

"तुम्ही लय जीव लावून लिहिलं होतं… इतकं कुणी बघितलं नाय माझ्याकडं कधी. म्हटलं, राहू द्या." मग हळूच म्हणाला, "स्टेज गेलं ते सोसलं. पण आता हात वर गेला की दचकतो मी."

दुरुस्ती मागता आली असती, पण समोरचे वकील कशाला देतील? मला रडूच आलं.

"मनाई सार्वजनिक ठिकाणी आहे," मी म्हणाले. "घरात नाही. आणि चंदर… मी नटाची लकब शोधतच नव्हते. तुझ्याकडे बघत होते. म्हणून चुकले."

तो विचारात पडला. हात सवयीनं कानाकडे निघाला आणि भरल्या स्टँडवर अर्ध्यातच थांबला. तो हात खाली जायच्या आत मी धरला.

नाशिकची गाडी लागली होती. ती मी जाऊ दिली.