तोफेच्या खड्ड्यातली नळी

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं तर रात्र घेतली असती, वादळ घेतलं असतं. इथे लख्ख दुपार होती आणि माझ्या खांद्यावर मुलीचं ओलं झबलं होतं.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं.

लहानसं बेट. युद्धात शत्रूची जहाजं अडवायला तिथल्या किनाऱ्यावर तोफा बसवल्या होत्या. युद्ध संपलं, माणसं गेली, तोफा राहिल्या. त्यांचा गंज खरवडायचा, रंग द्यायचा आणि त्या बघायला येणाऱ्यांसाठी नीटनेटक्या करायच्या, हे माझ्या नवऱ्याचं काम. त्या उन्हाळ्यात बेटावर आम्ही तिघंच होतो. तो, मी आणि आमची ढबू.

ढबू दोन वर्षांची झाली होती आणि एक शब्दही बोलत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, वाट बघा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमचा हा एवढा असताना शेजाऱ्यांना वीट यायचा, इतकी बडबड. तू बोलतेस ना गं तिच्याशी?"

बोलते ना! भरवताना, अंघोळ घालताना, झोपवताना. "म्हण, आई. आ-ई."

ती माझ्या ओठांकडे बघायची आणि तोंड फिरवायची.

एकदा नवऱ्याचा डबा घेऊन आम्ही दोघी तोफेच्या खड्ड्यात उतरलो. गोल, सिमेंटचा खड्डा. मधोमध तोफ. भिंतीतून एक पितळी नळी बाहेर आलेली, तोंडाशी कर्ण्यासारखी पसरट. खाली जमिनीत दारूगोळ्याची खोली होती. वरचे आणि खालचे सैनिक या नळीतून एकमेकांशी बोलायचे.

ढबू थेट नळीपाशी गेली. कान लावला.

आणि हसली...

असं ती माझ्याकडे बघून कधी हसली नव्हती.

मी कान लावून पाहिला. काही नाही. रिकाम्या तांब्यात होते तेवढी घूं घूंसुद्धा नाही.

"खाली कोण आहे रे?" मी नवऱ्याला विचारलं.

"खाली? ती खोली कधीच दगडमातीने भरून टाकलीय. नळीचं टोक त्यातच गाडलं गेलंय. उंदीरसुद्धा शिरणार नाही."

त्यानंतर रोज तेच. डोळे उघडले की तिला तिकडे जायचं असायचं. माझ्याकडे किरकिर, हट्ट, रडारड. नळीला कान लावला की गाल फुलायचे.

त्या पितळेच्या तुकड्याचा मला सवतीसारखा राग यायला लागला.

"लोकांच्या बायका नवऱ्यावरून जळतात," नवरा हसून म्हणाला, "तू नळीवरून!"

मला हसू आलं नाही.

मग ती दुपार.

ढबूने कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग नळीला ओठ टेकवले आणि स्वच्छ म्हणाली...

"तयार."

माझ्या मुलीचा पहिला शब्द. आणि तो माझ्यासाठी नव्हता.

लगेच तिने दोन्ही हातांनी कान गच्च दाबले आणि भलामोठा आ वासला. मला वाटलं, कान दुखतोय. मी धावले. नवऱ्याच्या हातातला ब्रश मात्र खाली पडला होता.

"तोफ उडवताना असं करतात," तो हळूच म्हणाला. "कानाचे पडदे फाटू नयेत म्हणून. तू शिकवलंस तिला?"

"मला तरी कुठे माहीत होतं?"

आवाज काहीच झाला नाही. पण तोफेच्या अंगावरचा खरवडायचा राहिलेला सगळा गंज एकदम, झरझर, खाली गळून पडला...

दुसरी कुणी असती तर पोरीला घेऊन पळाली असती. मला पळायचं सुचलंच नाही. अंगाचा तिळपापड झाला होता. मी तिला कडेवर घेतलं आणि नळीला तोंड लावलं.

"कोण आहेस रे तू? दोन वर्षं मी हिच्या तोंडाकडे बघत बसलेय. माझी आहे ती! बोलेल तर माझ्याशी बोलेल!"



लाटांचा आवाज एकदम थांबला.

मग खालून, त्या गाडलेल्या टोकाकडून, आवाज आला. बारीक. नुकताच "तयार" म्हणाला होता, अगदी तोच...

"आई."

ढबू माझ्या कडेवर होती. तिचे ओठ मिटलेले होते.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं. पुढच्याच होडीने आम्ही बेट सोडलं. राहिलेली तोफ नंतर दुसऱ्या कुणीतरी रंगवली.

ढबू आता शाळेत जाते. भरपूर बोलते. मला आईच म्हणते.

फक्त हाक मारण्याआधी ती जरा थांबते. मान कलती करते, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी... आणि मग म्हणते, "आई."

मी "ओ" देते. हातातलं काम टाकून, लगेच देते.

माझ्याआधी दुसऱ्या कुणी द्यायला नको.